उरलेला अर्धा दाणा

अन्वी रडायची थांबत नव्हती आणि मला तिची छाती ऐकायची होती. सव्वा वर्षाचं मूल स्टेथोस्कोप लावू देत नाही, त्यात नवीन काही नाही. मी टेबलावरचा टॉर्च तिच्या हातात दिला. ती बटण शोधण्यात गुंतली, तेवढ्यात मी डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, पुन्हा एकदा डावीकडे ऐकलं. डावीकडे श्वास छान आत-बाहेर होत होता. उजवीकडचा मात्र दाराआडून आल्यासारखा दबका होता आणि त्यात एक बारीक शिट्टी होती.

याला आम्ही 'एअर एन्ट्री कमी' म्हणतो. म्हणजे फुप्फुसाच्या त्या बाजूला हवा नीट खेळत नाहीये. न्यूमोनियात असं होतं. दम्यातही शिट्टी वाजते, पण दम्याची शिट्टी दोन्हीकडे वाजते. एकाच बाजूला वाजणारी शिट्टी मला आवडत नाही.

फेब्रुवारी होता. ग्वाल्हेरची थंडी जाता जाता मुलांना धरून जाते. बाहेर ओपीडीत बसायला जागा नव्हती, नेब्युलायझरची मशिनं घरघरत होती आणि मी सकाळपासून खोकलाच ऐकत होते. खरं सांगायचं तर मला आता खोकल्याचा कंटाळा आलाय. मुलांचा नाही, खोकल्याचा. घरी हरिशंकरपुरमला गेले तरी कानात तोच वाजत राहतो.

अन्वीच्या आईनं, केतकीनं, पिशवीतली औषधं टेबलावर काढून ठेवली. दोन प्रकारची अँटिबायोटिक्स, खोकल्याची सिरप, मास्क लावून घ्यायचा पंप. आधी दोन डॉक्टर झाले होते. औषध चालू असलं की बरं वाटतं, बंद केलं की पुन्हा खोकला, असं चाललं होतं. एका डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलं, दुसऱ्यांनी बालदमा. हे सगळं ती मला हिंदीत सांगत होती. मग अन्वी टॉर्च तोंडात घालायला लागली तशी ती पटकन म्हणाली, "अगं, नको ना राणी, छी आहे ते."

मी मराठीत विचारलं, छावनीतल्या का तुम्ही? ती एकदम सैल झाली. शिंदे की छावनीच निघाली, आमची जुनी मराठी वस्ती. माझं माहेर तिथून दोन गल्ल्या सोडून. नवरा निखिल प्रायव्हेट कंपनीत, ती स्वतः बँकेत, आणि दाराशी उभी होती ती निखिलची थोरली बहीण, शुभदा. ती शाळेत शिकवते आणि भावाकडेच राहते. तिच्या हातात अन्वीची लोकरीची टोपी होती. तिला खुर्ची दिली तर नको म्हणाली.

"मॅडम, आम्ही तर परेशान झालोय," केतकी म्हणाली. "हिची खांसी बंदच होत नाहीये."

आमची मराठी ही अशी. माझी पुण्याची वहिनी ती ऐकून हसते. हसू दे.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. खाताना कधी ठसका लागला होता का? घशात काही अडकलं होतं का? केतकीनं ठाम मान हलवली. मी चोवीस तास तिच्यावर नजर ठेवून असते, म्हणाली, असं काही झालंच नाही. या प्रश्नाला आया अशाच रागावतात. त्यांना वाटतं, डॉक्टर विचारतेय की तुझं लक्ष कुठं होतं.

मग मी विचारलं, सुरुवात कधी झाली? संक्रांतीनंतर, म्हणाली. बोरन्हाण झालं ना, त्याच आठवड्यात. सगळ्यांनी खूप कौतुक केलं, फोटो काढले. काळं झबलं घातलं होतं, हलव्याचे दागिने घातले होते, तरी नजर लागली.

परच्यावर औषध लिहिणारा माझा हात थांबला. बोरन्हाणात काय काय होतं, विचारलं. बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या, नई सडकवरून आणलेल्या गजकचे, म्हणजे इथल्या तिळाच्या वडीचे, तुकडे. आणि शेंगदाणे? होते, म्हणाली, मुरमुऱ्यांत मिसळलेले. पण तिने तर काही खाल्लंच नाही, मी समोरच होते ना. शुभदा टोपी घडी करत होती, उलगडत होती.

शेंगदाण्याशी माझं जुनं वैर आहे. लहान मुलाला दाढा आलेल्या नसतात. त्याला दाणा चावता येत नाही, पण तोंडात घालता येतो. हसताना, रडताना, पळताना श्वास ओढला की दाणा अन्ननळीऐवजी श्वासनळीत उतरतो. बहुतेक वेळा उजवीकडे, कारण उजवी नळी जरा रुंद आणि सरळ असते. पहिल्यांदा जोरात ठसका लागतो, तोंड लाल होतं, आणि मग सगळं शांत. घरचे म्हणतात, सुटलो. दाणा आत जाऊन बसलेला असतो. तो ओलाव्यानं फुगतो, त्याचं तेल आतल्या अस्तराला झोंबतं, मग सूज, मग कफ, मग ताप. डॉक्टर औषध देतात, सूज उतरते, मूल बरं दिसतं. औषध बंद केलं की पुन्हा तेच. हे महिनोन्‌महिने चालू शकतं.

एक्स-रे काढला. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, हे लोकांना खरं वाटत नाही. नाणं दिसतं, सेफ्टी पिन दिसते, खायची वस्तू दिसत नाही. दिसलाच तर परिणाम दिसतो. हवा आत जाते पण बाहेर यायला वाट नसते, म्हणून ती बाजू जरा जास्त काळी आणि फुगलेली दिसते. अन्वीची उजवी बाजू मला फुगलेली वाटली. रेडिओलॉजीतल्या मुलाला वाटली नाही. त्याने रिपोर्टात ब्राँकायटिस लिहिलं आणि तो जेवायला गेला.

मी आमचे पीडिअ‍ॅट्रिक सर्जन, डॉक्टर तोमर, यांच्याकडे गेले. हात चांगला आहे त्यांचा. पण सावध माणूस.

"मैडम, हिस्टरी क्या है?"

"मिल नहीं रही."

"और एक्स-रे डाउटफुल. इतने पे मैं इतनी सी बच्ची की साँस की नली में ट्यूब डालूँ? कुछ नहीं निकला तो?"

त्यांचं चूक नव्हतं. ब्राँकोस्कोपी म्हणजे मुलाला पूर्ण भूल देऊन तोंडावाटे श्वासनळीत धातूची पोकळ नळी घालायची, तिच्यातूनच श्वास द्यायचा आणि तिच्यातूनच चिमटा घालून वस्तू काढायची. आधीच दुखावलेली नळी, त्यात ही गर्दी. उगाच करायचं काम नाही ते. ते म्हणाले, पहले सीटी करा लीजिए. आमचं मशिन बंद पडलेलं. दुसऱ्या सेंटरला न्यायचं तर औषधानं झोपवून न्यावं लागणार, आणि धाप लागलेल्या मुलीला झोपवून गाडीत घालायला मी तयार नव्हते.

मी त्यांना बोरन्हाणाचं सांगितलं. त्यांना वाटलं एखादी दवा असेल. मग नीट समजावलं की आम्ही मराठी लोक संक्रांतीला लहान मुलाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, दाणे ओततो, आणि बाकीची मुलं ती लुटतात.

"सिर पर?"

"हाँ."

"मूँगफली?"

"हाँ, तोमर साब. प्यार से."

ते माझ्याकडे बघतच राहिले. बरोबरच होतं. आधीच्या दोन्ही डॉक्टरांनीही संक्रांत म्हटल्यावर तिळाचे लाडू एवढंच ऐकलं असणार, पुढं कशाला विचारतील? आमची माणसंही आपणहून सांगत नाहीत, कारण ते खाणं नसतंच त्यांच्या लेखी, तो सोहळा असतो. तरीही तोमर म्हणाले की रिवाज म्हणजे हिस्टरी नाही. कोणी बघितलं असेल तर सांगा.

तोवर इकडे निखिल येऊन पोचला होता आणि त्यानं सकाळच्या गाडीचं दिल्लीचं बुकिंग करून टाकलं होतं. ब्राँकोस्कोपीचा विषय मी काढला तशी केतकी म्हणाली, भूल द्यायचीच असेल तर दिल्लीत देऊ. मी समजावून थकले. दिल्लीला माझी ना नाही, तिथं माझ्यापेक्षा मोठे लोक बसलेत. पण आत जर दाणा असेल आणि गाडीत ती जोरात खोकली, तर तो एका बाजूच्या नळीतून सुटून वर मुख्य नळीत येऊन अडकू शकतो. मग दोन्ही बाजू बंद. मधल्या कुठल्यातरी स्टेशनावर काय करणार होते हे लोक? हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. केतकीनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली, पण तिने काही खाल्लंच नाही.

मी उठून पँट्रीत गेले. चहाचा कप घेतला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. पाय दुखत होते. आपण एवढं सांगूनही लोक सामान बांधतात, तेव्हा राग येत नाही आता, नुसता थकवा येतो. मागून कोणीतरी हाक मारली. शुभदा होती. टोपी अजून हातातच.

"डॉक्टर, मी काही सांगितलं तर ते केतकीला सांगाल का तुम्ही?"

मी म्हटलं, आधी सांगा तर.

ती भिंतीकडे बघून बोलायला लागली. बोरन्हाणाचा आग्रह तिचाच होता. केतकीचं म्हणणं होतं, लहान आहे अजून, सर्दी आहे, पुढच्या वर्षी करू. पण पहिलं बोरन्हाण, पहिलं भाचरू. शुभदानंच झबलं शिवलं, शुभदानंच दागिने केले, शुभदानंच अन्वीच्या डोक्यावरून ओतलं. मुलांची झुंबड उडाली, बायका टाळ्या वाजवत होत्या, केतकी फोटो काढणाऱ्याला कुठून घ्यायचा ते दाखवत होती. तेवढ्यात अन्वी खोकली आणि लालबुंद झाली. शुभदानं घाबरून तिच्या तोंडात बोट घातलं.

"दाणा हाताला लागला. काढला मी. पण अर्धाच होता."

"आणि उरलेला अर्धा?"

"मला वाटलं, गिळला असेल. ती लगेच हसायला लागली ना."

मी चहा खाली ठेवला. इथं एक सांगून ठेवते. मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्यावं, खोकल्यासारखं दुसरं औषध नाही. वस्तू डोळ्यांना दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, ती आणखी आत ढकलली जाते. हे तिला तेव्हा सांगण्यात काही अर्थ नव्हता. तिला ते कळलेलं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. महिनाभर ही बाई प्रत्येक डॉक्टरकडे बरोबर येत होती, टोपी धरून दाराशी उभी राहत होती आणि प्रत्येक वेळी 'काही अडकलं होतं का' हा प्रश्न ऐकत होती. प्रत्येक वेळी केतकी 'नाही' म्हणत होती. मग हिनं 'हो' कसं म्हणावं?

ती म्हणाली, त्या घराशिवाय मला दुसरं घर नाही, डॉक्टर. मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्या घटकेला मला तिच्या घरापेक्षा सकाळची गाडी दिसत होती. मी म्हटलं, मी तुमचं नाव घेणार नाही. पण मी आत्ता आत जाऊन पुन्हा विचारणार आहे, तुम्ही तिथं असा. माझ्या मनात मात्र पक्कं होतं, ही बोलली नाही तर मी बोलणार. वचन-बिचन गेलं खड्ड्यात.

आधी तोमरना गाठलं. म्हटलं, हिस्टरी मिली. किससे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिली ना. ते खुर्चीतून उठले आणि ओटीला फोन लावला. कामाचा माणूस असा असतो, कारण पटलं की दुसरा प्रश्न नाही.

केबिनमध्ये निखिल दिल्लीतल्या मावसभावाशी फोनवर बोलत होता. अन्वी आईच्या खांद्यावर झोपली होती आणि झोपेतही तिच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. केतकीचा संयम संपत आला होता. तिचीही महिनाभर झोप नव्हती.

"मॅडम, तुम्ही नुसतं 'असेल, असेल' म्हणता. कोणी बघितलं का? मला एक माणूस दाखवा ज्यानं बघितलं."

मी ठरवून शुभदाकडे बघितलं नाही. टेबलावरच्या टॉर्चकडे बघत बसले.

"मी बघितलं," शुभदा म्हणाली. "मीच काढला दाणा. अर्धा माझ्या हातात आला, अर्धा नाही आला."

निखिलनं समोरच्याला काही न सांगता फोन बंद केला. मला वाटलं, केतकी आता ओरडणार. ती ओरडली नाही.

"महिना झाला, ताई," एवढंच म्हणाली.

मग तिनं अन्वीला निखिलकडे दिलं आणि माझ्याकडून पेन मागून घेऊन संमतीच्या कागदावर सही केली.

अन्वी दुपारी दूध प्यायलेली होती, म्हणून पोट रिकामं होईपर्यंत थांबावं लागलं. ओटीत माझं काही काम नसतं, तरी मी गेले. भूलतज्ज्ञ डोक्याशी, तोमर नळी घेऊन. मॉनिटरची टिकटिक चालू होती. उजव्या नळीच्या तोंडाशी सूज होती, पांढरट कफ होता, आणि कफाच्या मागे तो होता. फुगून पिवळट झालेला, मऊ पडलेला. मऊ दाणा चिमट्यात धरला की भुगा होतो, हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. पहिला तुकडा आला. दुसऱ्या वेळी चिमटा रिकामा आला आणि मॉनिटरवरचा ऑक्सिजन उतरायला लागला. तोमरनी सगळं थांबवलं, श्वास दिला, आकडा वर येईस्तोवर थांबले, मग पुन्हा आत गेले. त्या वेळी मी देवाचं नाव घेतलं की नाही ते आठवत नाही, बहुतेक घेतलंच. उरलेला एकसंध आला. गॉझवर ठेवला तेव्हा नखाएवढासुद्धा नव्हता.

मी स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे हवा येत होती. तोमर म्हणाले, आपकी मूँगफली, मैडम. मी म्हटलं, थँक यू.

बाहेर येऊन केतकी-निखिलला सांगितलं. केतकी खाली बसली, तिथेच, फरशीवर, आणि रडली. तिला रडू दिलं. मग लक्षात आलं, शुभदा कुठं दिसत नाही. ती कॉरिडॉरच्या पार टोकाला, लिफ्टजवळच्या बाकावर एकटी बसली होती. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी चालत गेले आणि म्हटलं, निघाला, ठीक आहे ती. तिनं माझ्या हातात टोपी दिली आणि म्हणाली, डोकं उघडं ठेवू नका तिचं.

पुढच्या तपासणीला अन्वी आली ती गुटगुटीत दिसत होती. छाती दोन्हीकडे स्वच्छ. केतकी एकटीच आली होती. मी शुभदाचं विचारलं तर म्हणाली, घरी आहेत, मी बोलत नाही त्यांच्याशी.

गप्प बसायला हवं होतं. तो माझा विषय नाही. पण दिवस मोठा गेला होता आणि माझी जीभ सुटली. मी म्हटलं, हे बघ केतकी, बघून गप्प बसलेली माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. त्यातली बरीचशी शेवटपर्यंत गप्प राहिली, आणि त्यांच्या मुलांचं काय झालं ते मी तुला सांगत नाही. तुझी नणंद तुझ्यासमोर, भावासमोर उभी राहून बोलली. ती बोलली नसती तर तू दुसऱ्या दिवशी त्या गाडीत बसली असतीस. केतकी उठली. अन्वीला टोपी घालून निघून गेली. पुढच्या वेळी ती आलीच नाही, बाजूच्या केबिनमधल्या डॉक्टरांना दाखवून गेली. मी म्हटलं, झालं. पेशंटही गेला.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. तो ठसक्याचा प्रश्न आता मी सगळ्यांसमोर विचारत नाही. आईला एकटीला विचारते, मग आजीला, आत्याला, सांभाळणाऱ्या बाईला, प्रत्येकीला बाहेर नेऊन वेगवेगळं. आणि 'कोणी दिलं' असं कधी विचारत नाही, फक्त 'काय होतं' एवढंच. ओपीडीला उशीर होतो, नर्स कुरकुर करते. पण उत्तरं मिळतात.

यंदा संक्रांतीच्या आधी ऐन ओपीडीत फोन वाजला. शुभदा होती. अन्वीचं बोरन्हाण करायचं म्हणते, घरच्यांचं ठरलंय, पण काय ओतायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या असं ठरलं. मी म्हटलं, दाणे नाहीत. रेवड्या नाहीत, गजक नाही, हरभरा नाही. बोरात बी असते, बोरं नाहीत. मुरमुरे विचारले, तेही नको म्हटलं. मग बोरन्हाणात उरलं काय, असं ती म्हणाली नाही, पण मला ऐकू आलं. मी म्हटलं, फुलांच्या पाकळ्या ओता, गुलाबाच्या, झेंडूच्या. दिसायला छान दिसतात.

तेवढ्यात फोनच्या मागून दुसरा आवाज आला. केतकीचा.

"ताई, त्यांना विचारा ना, उसाचे करवे तरी चालतील का?"

मी म्हटलं, नाही. फोन ठेवला आणि नर्सला सांगितलं, पुढचा पेशंट पाठव.